घारीची जात

पाखराला जात नसते, असं एक वाक्य सध्या आमच्यातल्या शिकलेल्या पोरांच्या तोंडी आहे. पेण-रोह्याच्या पट्ट्यात वाडीची पाटी बदलायचा विषय निघाला की कोणीतरी उठतो आणि म्हणतो, भीमनगर नको, समतानगरही नको. पाटी वाचली की समोरच्याला लगेच कळतं. त्यापेक्षा गल्ल्यांना पाखरांची नावं द्या. मयूर, राजहंस, गरुड, कोकिळा, चातक. ऐकायला गोड, कुणाला टोचत नाहीत, आणि अर्जावर पत्ता लिहिताना हात अडत नाही.

हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. हात अडतो हे खरं आहे. भाड्यानं खोली मागताना "कुठल्या आळीतले तुम्ही?" या प्रश्नाशी जो अडकला, त्याला पाटीचं दुखणं शिकवायला नको. पण वाक्य तपासलं पाहिजे. आपण कविता तपासतो, कादंबरी फाडून बघतो, मग सरकारी निर्णय आणि गल्लीच्या पाट्या का सोडायच्या? त्याही कुणीतरी लिहिलेल्याच असतात. आणि मराठीत एक गंमत आहे, दोस्तांनो. 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका टिंबाचाच फरक. बारशाला नाव ठेवतात, आणि चारचौघांत नावं ठेवतात. आपल्या वस्त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी गावानं एकाच वेळी उरकल्या.

आधी सरकारी निर्णय घेऊ. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. सामाजिक न्याय विभागाचा शासन निर्णय त्याच महिन्यात ११ तारखेला निघाला. काढायची नावं म्हणून महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली असे नमुने दिले. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. हेतूवर माझं भांडण नाही. महारवाडा हा शब्द कागदावरून गेला तर मी एक अश्रू गाळणार नाही. पण यादी नीट वाचा. महारवाडा आणि बौद्धवाडा शेजारी शेजारी बसवलेत. जणू दोन्ही एकाच हातानं लिहिलेली नावं!

महारवाडा हे नाव गावानं ठेवलं. ते आपल्याला कोणी विचारून ठेवलं नव्हतं. बौद्धवाडी हे नाव मात्र १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या बापजाद्यांनी स्वतः ठेवलं. कोकणात वाडीवाडीतून नागपूरची बातमी आली, देव्हारे रिकामे झाले, आणि मग तोंडातून जुना शब्द काढून नवा शब्द घालायचं काम सुरू झालं. ते सोपं नव्हतं. गाव जुनंच नाव घेऊन हाक मारत होतं. ज्यांना धड सही येत नव्हती त्या माणसांनी 'बौद्धवाडी म्हणा' असा हट्ट धरला आणि तो पिढ्यान् पिढ्या चालवला. हजारो वर्षांत ज्याला आपण नामकरणाचा अधिकार म्हणू तो पहिल्यांदा हातात घेतला गेला, तो इथं. आणि सरकारी यादीत ते नाव जातिवाचक म्हणून नोंदलं गेलं! धर्मांतर करून जात टाकली, तर टाकल्याची खूण हीच जात ठरली. मुंबईच्या दफ्तरात बसून यादी करणाऱ्याला दोन्ही शब्द सारखे दिसले, कारण त्याच्या लेखी माणसं तीच होती. यादीचा खरा मजकूर हा आहे, तो ओळींच्या मधे आहे.

मग पाखरांकडे वळू. पाखराला जात नसते? पुस्तक उघडा. आपल्या खाडीवर, धरमतरपासून कुंडलिकेच्या मुखापर्यंत दोन घारी फिरताना दिसतात. एक तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची आणि पांढऱ्या छातीची. दुसरी मळकट तपकिरी, शेपटीला खाच असलेली, बाजाराच्या उकिरड्यावर घिरट्या घालणारी. पहिलीचं इंग्रजी नाव ब्राह्मिनी काइट, आणि तेच मराठीत उतरून ब्राह्मणी घार झालं. दुसरीचं नाव इंग्रजी पुस्तकांत कितीतरी वर्षं होतं पराया काइट. सलीम अलींच्या १९४१ साली पहिल्यांदा निघालेल्या भारतीय पक्ष्यांच्या पुस्तकातही ती याच नावानं आहे. पराया म्हणजे तमिळ देशातले परैयर, पराई नावाचं वाद्य वाजवणारे, आपल्या हलगीवाल्यांचे भाऊबंद. इंग्रजांनी ती जात उचलली आणि जगातल्या सगळ्या बहिष्कृतांसाठी शब्द म्हणून वापरली, वरून घारीलाही चिकटवली.

आता या दोघींचा धंदा बघा. ब्राह्मणी घार काय सोवळ्यात जेवते काय? ती मासे खाते, मेलेले खेकडे खाते, बंदरावरची घाण वेचते, होडीतला बोंबील उचलून नेते. कोळणीला विचारा. म्हणजे कर्मानं दोघी एकच. फरक रंगाचा. पांढरी छाती दिसली की ब्राह्मण, मळका पंख दिसला की परिया. वर्ण म्हणजे रंग, हा शब्दार्थ घारीपर्यंत पोचवला बघा या लोकांनी! त्यातली मजा अशी की या परिया घारीला शास्त्रीय नाव देणारा कर्नल साइक्स, दख्खनची मोजदाद करत हिंडलेला इंग्रज अधिकारी, त्यानं १८३२ साली तिचं नाव ठेवलं 'गोविंदा'. शास्त्रात गोविंदा आणि व्यवहारात परिया. आपल्याकडं संतांच्या अभंगात आणि गावच्या पाणवठ्यावर हेच चाललं होतं की!

अलीकडच्या पुस्तकांतून पराया हा शब्द गेला. ती आता काळी घार झाली. चांगलं झालं. पण ब्राह्मिनी काइट ब्राह्मिनीच राहिली. ब्राह्मिनी मैनाही जागच्या जागी. खालचं नाव लाज वाटून पुसलं, वरचं नाव कुणाला सलतच नाही. वस्त्यांचंही असंच होतं. ब्राह्मणआळीत राहणारा माणूस पत्ता सांगताना आवाज खाली आणत नाही. सरकारी यादीत ब्राह्मणवाडाही घातला म्हणून समतोल साधला असं कुणाला वाटत असेल, त्यानं हा आवाजाचा फरक मोजावा.

आणि मराठी नावं? ती तर आपल्याच मातीतली. शिवणकाम करणारा तो शिंपी. झाडाला टोचा मारणारा सुतार. टुक टुक करणारा तांबट. पाण्याकाठी शेपूट आपटणारा परीट. काट्याला किडा खोचून ठेवणारा खाटीक. मासे धरणारा धीवर. आणि या सगळ्यांवर, कावळ्या-घारींना हाकलणारा काळा कोतवाल. गावगाडा भरला की नाही? ज्यानं ही नावं ठेवली त्याला दुष्टपणा करायचा नव्हता. त्याच्या डोळ्यांना जग तसंच दिसत होतं, प्रत्येक जीव आपापल्या बलुत्याला बांधलेला. पिंगळा हे नाव तर उलट दिशेनं गेलं, घुबडाच्या जातीतल्या पाखरावरून पहाटे दारात येणाऱ्या भिक्षेकरी माणसांवर. पाखराची जात माणसाला, माणसाची जात पाखराला. ही ये-जा जुनी आहे.

सुगरणीचं एक उदाहरण देतो, कारण ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सलीम अलींनी या पाखराचा अभ्यास केला. खोपा विणतो नर. अर्धा विणून झाला की मादी येते, आत-बाहेर बघते, पसंत पडला तर राहते, नाहीतर निघून जाते. पण आपल्या भाषेनं विणकामाचं सगळं श्रेय 'सुगरण' म्हणून बाईच्या नावावर टाकलं. बायकांना श्रेय मिळालं म्हणून खूश व्हायचं कारण नाही. घरकाम ते बाईचंच, एवढं ठरवून टाकलेलं होतं, पाखरू काय करतं हे बघायची गरजच वाटली नाही. न बघता ठेवलेलं नाव असं असतं. वाड्यांची नावंही अशीच ठेवली गेली.

तेव्हा ती पाच नावं पुन्हा वाचा. मयूर, राजहंस, गरुड, कोकिळा, चातक. मोर सरस्वतीजवळ आणि कार्तिकेयाखाली. हंस ब्रह्मदेवाचा. गरुड विष्णूचा. कोकिळा आणि चातक संस्कृत काव्यातून भाड्यानं आणलेले. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही अशी आहे, आणि आपण बौद्धवाडी पुसून तिथं विष्णूचं वाहन उभं करणार? तटस्थ म्हणून निवडलेली नावं एवढी तटस्थ निघाली!

इथं कोणी अडवेल की हंस आपलाही आहे. बरोबर. बाणानं पडलेला पक्षी मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, हा सिद्धार्थ-देवदत्ताचा वाद बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये घेतला आहे. ती गोष्ट सांगून कुणी हंसाची पाटी लावत असेल तर मी त्या पाटीला खिळा ठोकायला येईन. पण ती सांगायला हवी. नुसतं 'राजहंस' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात बिल्डरची जाहिरात येते.

आणि यादीत गिधाड का नाही? विचारा ना. गावातलं मेलेलं जनावर ओढायचं काम आपल्यावर लादलेलं होतं. ते फाडलं जायचं तिथं वर गिधाडं जमायची. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायच्या त्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, आणि आपल्या लोकांनी ते सोडलं. गिधाडं मात्र ते काम करत राहिली. पुढं जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं तीच मेली, देशभरात लाखोंनी. २००६ साली औषधावर बंदी आली. आपल्या जिल्ह्यात म्हसळ्याकडं चिरगावला काही घरटी टिकली. गावाची घाण उपसणारा मेला तेव्हा गावाला कळलं की घाण कोण उपसत होतं. मराठीत गिधाड ही शिवीच आहे. गिधाड गल्ली नाव ठेवा असं मी म्हणत नाही, म्हातारी माणसं मला जोड्यानं मारतील. पण नाव निवडताना आपला हात कुठल्या पाखराकडे जातो आणि कुठल्या पाखरावरून मागे येतो, त्यात कुणाची शिकवण आहे ते बघायला सांगतोय.

पाखरांची नावं मुळातच वाईट असं मात्र समजू नका. दूरचं उदाहरण आहे, पण आपल्याशी नातं सांगणारं. दक्षिण आफ्रिकेत दरबान शहराजवळ केटो मॅनर नावाची वस्ती होती. गोऱ्या सरकारनं १९५८ पासून तिथल्या काळ्या माणसांना उठवलं आणि शहराबाहेर क्वामाशूला नेऊन टाकलं. क्वामाशू म्हणजे माशूची जागा. माशू म्हणजे मार्शल कॅम्पबेल, उसाच्या मळ्यांचा गोरा मालक. वस्ती काळ्यांची, नाव मालकाचं. आतल्या भागांना तर नावंच नव्हती, ए, बी, सी अशी अक्षरं होती. उमलाझीतही तेच. तुरुंगात बराकींना असतात तशी. अशा देशात एखाद्या झुलू वस्तीत रस्त्याला झुलू संस्कृतीतल्या पाखराचं नाव लागतं, तेव्हा ती शोभेची गोष्ट राहत नाही. अक्षराच्या जागी शब्द येतो, आणि तो आजीच्या तोंडातला असतो.

त्यांच्याकडं उफेझुकोम्खोनो नावाचं एक पाखरू आहे, आपल्या पावशाच्या गोतातलं. पाऊस जवळ आला की ओरडतं, आणि लोक म्हणतात ते सांगतंय, कुदळी उचला. आपला पावशा काय म्हणतो? पेरते व्हा, पेरते व्हा. समुद्राच्या दोन काठांना शेतकऱ्यांना एकच गोष्ट ऐकू आली. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

पण आपल्याला तेवढ्यावर थांबता येत नाही. पेरते व्हा, हे पावशा कुणाला सांगत होता? कुलाबा जिल्ह्यात जमीन खोताची. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, पेरलंच नाही. नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहिले, उपाशी राहिले. १९३७ साली बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. त्या सहा पावसाळ्यांत पावशा ओरडत असेलच की! आणि आपल्या आजोबांना तर ना खोताचं कूळ म्हणून पुरता हक्क, ना स्वतःचा बांध. त्यांनी पावशा ऐकला तो दुसऱ्याच्या शेतात चिखल तुडवायला जाताना. उद्या कुणी गल्लीला 'पावशा गल्ली' नाव दिलं तर मला आवडेल. त्या नावात पाखरू आहे, चरीचा संप आहे, आणि नसलेली जमीनही आहे. पाटीखाली चार ओळी लिहायची सोय मात्र हवी.

ही चर्चा आत्ताच का, असं विचाराल. कारण नाव ठेवणारे दारात आले आहेत. २००८ साली पेणच्या खारेपाटात महामुंबई नावाचा विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रकल्प येणार होता. जमीन हातात यायच्या आधी नाव ठेवून मोकळे! २१ सप्टेंबर २००८ ला बावीस गावांत त्यावर मतदान झालं, आणि शेवटी तो प्रकल्प उभा राहिला नाही. आता २०२४ च्या मार्चमध्ये पेण, पनवेल, उरण तालुक्यांतली १२४ गावं कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी अधिसूचित झाली. म्हणजे रस्ते होणार, चौक होणार, त्यांना नावं लागणार. कर्नाळ्याला पक्ष्यांचं अभयारण्य आहेच, तेव्हा पाखरांची नावं येणार हे सांगायला पिंगळा नको. फ्लेमिंगो रस्ता येईल, किंगफिशर चौक येईल. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळ्या खाल्लेल्यांचं नाव कुठल्या कोपऱ्यावर येतंय ते बघू. आणि ज्या वाड्या या नकाशात सापडतील त्यांची जुनी नावं, मग ती चिंचपाड्यासारखी झाडावरची असोत की बौद्धवाडीसारखी क्रांतीची, सेक्टरच्या आकड्याखाली जातील. क्वामाशूचं ए, बी, सी आपल्याला नवं नाही.

या सगळ्यात एका वाडीचं नाव कोणीच घेत नाही. कातकरवाडी. शासनाच्या २०२० च्या नमुन्यांत ती दिसत नाही, आपल्या सभांतही नाही. कात पाडण्यावरून कातकरी. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी कात गेला, पोट गेलं, माणसं कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेली, मागं नाव उरलं. पेण-रोह्याच्या डोंगरकडेला पाखरांना सगळ्यांत जवळून ओळखणारी माणसं हीच. गलोल घेऊन रान तुडवलेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना शिकारी ठरवलं, आणि दुर्बीण गळ्यात घालून येणारा पक्षीमित्र झाला. आपण पाखरांची नावं गल्लीला द्यायची ठरवली आणि पुस्तकातून उचलली, कातकरवाडीत जाऊन विचारलंच नाही, तर आपणही साइक्ससाहेबच. वयस्कर कातकरी बाईला 'मावशे, ह्या पाखराला तुमी काय म्हणता?' एवढं विचारायला काय लागतं? आणि तुमच्या वाडीचं नाव काय असावं वाटतं, हेही विचारा. तो प्रश्न त्यांना आजवर कुणी केलेला नाही.

माझी सूचना साधी आहे. बौद्धवाडी हे नाव पुसायचं नाही. ग्रामसभेत कुणी यादी पुढं केली तर उठून सांगायचं की हे नाव जातीचं नव्हे, जात सोडल्याचं आहे, आणि तसा ठराव लिहून घ्यायचा. गल्ल्यांना पाखरांची नावं हवी असतील तर जरूर द्या. पण आपल्या खाजणावर, आपल्या बांधावर येणाऱ्या पाखरांची, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या ज्या नावानं त्यांना हाक मारतात त्या नावांनी. ढोकरी चालेल, टिटवी चालेल, पावशा तर चालेलच. घारही चालेल, नुसती घार, पुढं-मागं काही न लावता. वर बौद्धवाडी, खाली गल्लीचं नाव. पाटी दोन ओळींची होईल, पत्रा जरा मोठा लागेल, तो वर्गणीतून आणू.